फक्त फॅमिलीसाठी

चाकणच्या रस्त्यावरून आत वळलं की चाळीचाळीच्या भिंतीवर एकच मजकूर दिसतो. 'रूम भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिलीसाठी.' ज्यांच्या जमिनी कंपन्यांत गेल्या त्यांनी उरलेल्या दोन-चार गुंठ्यांत दहा-दहा खोल्यांच्या रांगा बांधल्या. तिथे कामगार राहतात. एका खोलीत सहा पोरं असतील तर ती बॅचलर. नवरा, बायको आणि मूल असेल तर फॅमिली. एकटी बाई यातल्या कशातच बसत नाही.

विजयश्री एकटी होती. लातूरकडची, चौतीस वर्षांची, आठ वर्षं तुरुंगात काढून महिनाभरापूर्वी सुटलेली. सुटलेल्या बायकांना निवारा मिळवून देणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी अर्धा दिवस काम करते. कासारवाडी स्टेशनजवळ संस्थेची एक खोली आहे, तिथे महिनाभर राहता येतं. महिन्यानंतर पुढची बाई येते. विजयश्रीला चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं होतं. कँटीनच्या ठेकेदाराला सगळं माहीत होतं, आणि पोळ्या गोल येतात एवढंच त्याला पुरेसं होतं.

अडलं होतं ते खोलीवर, आणि खोलीवर तिची मुलगी अडली होती. श्रद्धा. आई आत गेली तेव्हा ती दोन वर्षांचीही नव्हती. सहा वर्षांची होईपर्यंत ती आईबरोबर तुरुंगातच वाढली, मग बालगृहात गेली. त्या बालगृहात दहा वर्षांपर्यंतच्याच मुली ठेवतात. श्रद्धाला येत्या वीस तारखेला दहा वर्षं पूर्ण होणार होती. त्यानंतर तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या मुलींच्या गृहात हलवणार, तिची फाइल तिकडच्या समितीकडे जाणार आणि सगळं पहिल्यापासून. बाल कल्याण समितीतल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "तुमच्या नावाचा नोंदलेला भाडेकरार आणा. आमची माणसं घर बघून जातील. मग मुलगी घेऊन जा." त्यांचं काही चुकत नव्हतं. मूल सोपवायचं तर कुठल्या छपराखाली, हे त्यांना बघावंच लागतं.

म्हणजे फॅमिली असल्याशिवाय खोली नाही, आणि खोली असल्याशिवाय फॅमिली नाही. आम्ही अकरा चाळी फिरलो होतो. प्रत्येक ठिकाणी मालक विचारायचा, "मिस्टर कुठंयत?" आणि आम्ही परत बसस्टॉपवर.

त्या रविवारी माझ्या सासूबाई देहूरोडच्या विहारात कार्यक्रमाला गेल्या होत्या, नवऱ्याची, सनीची, फर्स्ट शिफ्ट होती, म्हणून सात महिन्यांच्या बाळाला मी बरोबरच घेतलं. नाशिक फाट्यावरून बस धरली. उतरल्यावर आत चालताना माझ्या चपलेचा पट्टा निघाला. मी मोरीच्या कठड्यावर बसले आणि बाळ विजयश्रीकडे दिलं. तो तिच्या खांद्यावर लगेच मान टाकून निवांत झाला. ती चालत पुढे गेली. पट्टा बसवून मी पोचेपर्यंत ती चाळीच्या अंगणात उभी होती, आणि मालकीणबाई रुक्मिणीबाई तिच्याशी बोलत होत्या.

"ऊन केवढं हाय. लेकराच्या डोक्यावर पदर तरी घे की बाई. कितवा महिना?"

"सातवा," विजयश्री म्हणाली. तेही खरंच होतं.

"नवरा कुठं कामाला?"

विजयश्रीनं माझ्याकडे बघितलं. मी जवळ येत म्हटलं, "नवरा सोडून गेला तिला. कँटीनमध्ये काम करते. आपल्या पोटापुरतं कमावते."

"म्हंजी मायलेकरंच." रुक्मिणीबाईंनी बाळाच्या गालाला बोट लावलं. "सोडून जानारे लई झालेत. या, रूम दावते."

इथवर आम्ही एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. बाळ कुणाचं, हे कुणी विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं. अकरा चाळींनंतर पहिल्यांदाच कुणीतरी 'या' म्हणालं होतं.

खोली दहा बाय बाराची. कडप्प्याचा ओटा, कोपऱ्यात मोरी, मागच्या बाजूला एक खिडकी. पाणी सकाळी दोन तास. शेजारच्याच खोल्यांत रुक्मिणीबाईंचं घर, मधे एकच भिंत. त्यांची सून मिनल बाहेर आली. लग्नाला वर्षच झालेलं असावं, हातातला चुडा अजून जुना झाला नव्हता. तिनं आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि बाळाच्या कानामागे तीट लावली.

"नाव काय ठेवलं?" तिनं विचारलं.

विजयश्रीनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"गणराज," मी म्हणाले.

"चांगलंय. संकष्टीचा का?"

"हो," मी म्हणाले.

बुधवारी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन येणार, करार होणार, शुक्रवारी समितीची माणसं घर बघायला येणार, असं ठरलं. रुक्मिणीबाईंनी आम्हाला चहा पाजला. बाळाच्या मुठीत दहाची नोट कोंबली. मला ती तिथल्या तिथे परत करता आली नाही.

मोशीला बस ट्रॅफिकमध्ये अडकली. बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. विजयश्री खिडकीबाहेर बघत होती.

"ताई, गणराज कोन?"

"अगं, सुचलं ते बोलले."

"खरं नाव बुद्धरत्न म्हनायला काय झालतं?"

"तुला ठाऊक नाही होय?"

"ठाव हाय की," ती म्हणाली. "म्हनून तर इचारायलाव."

मग मी तिला सासऱ्यांचं सांगितलं. भीमराज वाघमारे तरुणपणी पिंपरीच्या कंपनीत लागले तेव्हा दीड महिना खोली शोधत होते. मालक बसायला सांगायचा, पाणी द्यायचा, मग आडनाव विचारायचा. आडनाव ऐकलं की खोली कालच दिलेली निघायची. बरोबरीच्या एकानं गावाचं नाव आडनावासारखं लावायला सुचवलं. सासऱ्यांनी ऐकलं नाही. ते कंपनीच्या सायकल स्टँडमागे, वॉचमनच्या शेडमध्ये झोपले, पण आडनाव तेच सांगत राहिले. नातू झाल्यावर त्याचं नाव त्यांनीच ठेवलं. बारशाला माइक मागून घेऊन तीनदा उच्चारलं.

"आन तुमी एका मिनिटात पुसलं," विजयश्री म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. मला ते टोमण्यापेक्षा जड गेलं.

"तुझ्यासाठीच ना."

"ते हाय. उपकार हायत तुमचे." ती माझ्याकडे वळली. "पर शुक्रवारी त्या बाया येतील, रुक्मिणीबाई म्हनतील, गणराज कुठंय. मग?"

"आजीकडे गेलाय म्हणू. नंतर हळूहळू सांगू."

तिनं मान हलवली. "ताई, आत आमी लेकरांना सांगायचो, हे होस्टेल हाय. समद्याच आया. लेकरांना कळू नये म्हनून. श्रद्धा साडेपाच वर्षांची असताना नवीन आलेल्या एका बाईनं तिला सांगून टाकलं. रडली न्हाई ती. रातच्याला मला म्हनली, आई, मला सांगितलं असतंस तर मी कुनाला सांगनार व्हते?" गाडी जराशी सरकली, पुन्हा थांबली. "आता ती घरात येनार, आन तिच्या आदी तिथं एक खोटं लेकरू ऱ्हायला आलेलं असनार. तिनं काय म्हनायचं, मी कोन?"

"मग खोली जाईल, विजया."

"जाऊ दे म्हनत न्हाई मी. मला ती रूम पायजे. लई पायजे." तिचा आवाज खाली आला. "पर मला बोलू द्या."

घरी आल्यावर मी बाळाच्या कानामागची तीट कोमट पाण्यानं पुसली. निघता निघत नव्हती. दारच्या ओट्यावर सासरे, म्हणजे आबा, बसले होते. त्यांनी नेहमीसारखं "बुद्धरत्न" अशी हाक मारली, आणि बाळानं माझ्या हातांतून मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. सात महिन्यांच्या लेकराला आपलं नाव कळत होतं.

मी त्यांना काही सांगितलं नाही. सनीला सांगितलं. जेवता जेवता तो म्हणाला, "संस्थेचं काम आहे, तुझं डोकं नको लावत जाऊ एवढं." मग पाणी पिऊन म्हणाला, "आबांना मात्र कळू देऊ नको."

बुधवारी मी बाळाला सासूबाईंकडे ठेवून गेले. रुक्मिणीबाईंच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर एजंट लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. पंचविशीचा, घाईतला. "आधार नंबर सांगा मॅडम, फोटो घेऊ, अंगठा देऊ, दहा मिनिटांचं काम." रुक्मिणीबाई जोत्यावर बसल्या होत्या.

"बाळ कुठं हाय?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

विजयश्री उभीच राहिली. "मावशी, ते बाळ माझं न्हाई. या ताईंचं हाय. मला मुलगी हाय, धा वर्षांची व्हईल. ती बालगृहात ऱ्हाते, कारन मी आठ वर्षं जेलात व्हते. रूमचा करार झाला तर समिती तिला माझ्याकडं देनार. न्हाई झाला तर लांब पाठवतील."

एका दमात बोलली. पाठ केल्यासारखं. एजंटचा हात कळफलकावर तसाच थांबला.

रुक्मिणीबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "कशापायी जेल?"

"वहिनी गेली माझी. भावाची बायको."

"म्हंजी?"

"मला नवऱ्यानं सोडल्यावर मी माहेरीच असायची. भावाला मोटारसायकल पायजे व्हती. तिला म्हनायचे, बापाकडून पैसे आन. आई म्हनायची, भाऊ म्हनायचा. मी बी म्हनले." विजयश्रीनं साडीचा पदर दोन्ही हातांनी धरला होता. "शेवटी दोन दिस तिला जेवू दिलं न्हाई. सैपाक मीच करायची. मला वाढता आलं असतं. वाढलं न्हाई. तिसऱ्या दिशी ती हिरीवर गेली."

हे सगळं मी फाइलमध्ये वाचलं होतं. टाइप केलेल्या चार पानांत 'आरोपी क्रमांक तीन' असं ते लिहिलेलं होतं. तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मिनल चहाचा ट्रे घेऊन दारात कधी आली ते कुणाला कळलं नाही. तिनं एजंटसमोर कप ठेवला, माझ्यासमोर ठेवला. उरलेले दोन ट्रेमध्येच राहिले.

"त्यांचं नाव काय होतं?" मिनलनं विचारलं.

"भाग्यश्री."

"केवढ्या होत्या?"

"बावीस."

रुक्मिणीबाई आता माझ्याकडे वळल्या.

"तुला ठाऊक व्हतं हे?"

"होतं."

"आन तरी पोरगं हिच्या हातात दिलं व्हतंस?"

"हो."

"मग माझ्याशी का खोटं बोललीस? हिनं तर एक शब्द सोडून तोंड उघडलं न्हाई त्या दिशी. समदं तूच बोललीस. गणराज काय, संकष्टी काय."

"त्याचं नाव बुद्धरत्न आहे," मी म्हणाले. रविवारपासून मी ते नाव घरातसुद्धा चोरून घेत होते, ते अंगणात मोठ्यानं म्हटलं. "आम्हाला आडनावावरून खोल्या मिळत नाहीत, रुक्मिणीबाई. माझ्या सासऱ्यांना मिळत नव्हत्या, परवापर्यंत माझ्या भावालाही नाही. मला वाटलं, बाळाचं नाव ऐकून ही पण जाईल."

"मी इचारलं व्हतं आडनाव?"

"नाही."

"मग?"

"विचारलं असतंत तर? बुद्धरत्न म्हटलं असतं तर दिली असतीत?"

समोरच्या रस्त्यानं कंपनीची बस गेली, धूळ खाली बसली. "ठाऊक न्हाई," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आता कसं सांगू. तू मला तशी पाळीच येऊ दिली न्हाईस."

एजंटनं घसा खाकरला. "काकू, मला चारला मोशीला जायचंय. चालू ठेवू का बंद करू?"

"जाशील रे. तुझी मोशी कुठं पळून जात न्हाई." त्यांनी सुनेकडे बघितलं. "मिनल, भिंतीला भिंत तुझी हाय. मी म्हातारी, माझं काय. तू बोल."

"मी काय बोलू आत्या."

"जे वाटतं ते."

मिनलनं ट्रे जोत्यावर ठेवला. ती विजयश्रीकडे बघत होती, आणि विजयश्री मान खाली न घालता ते बघणं सोसत होती. मला वाटलं, आता नाही म्हणेल. तिच्या जागी मी असते तर मी नाहीच म्हटलं असतं, हे तेव्हा मला लख्ख कळलं. ज्या बाईच्या खांद्यावर मी माझं लेकरू निर्धास्त दिलं, तिच्या शेजारी सून म्हणून राहायला मी तयार झाले नसते.

"राहू द्या त्यांना," मिनल म्हणाली. "त्यांच्या मुलीनं काय केलंय. पण एक आहे. मी आपण होऊन बोलत नाही तोवर त्यांनी माझ्याशी बोलायचं नाही. काहीच नाही. मीठ मागायचं नाही, दार वाजवायचं नाही."

"न्हाई बोलनार," विजयश्री म्हणाली.

"किती दिवस ते मला माहीत नाही."

"कितीबी."

रुक्मिणीबाईंनी एजंटला हात केला. "लिही. अकरा महिन्यांचा. पुढचं पुढं बघू, आत्ता कबूल करत न्हाई मी. साक्षीदार किती लागतात?"

"दोन."

"एक माझा भाचा हाय पलीकडं, त्याला हाक मारते. दुसरी ही." बोट माझ्याकडे होतं. "संस्थेचा शिक्का नको मला. शिक्क्याला कुठं हुडकू? तुझं नाव, तुझ्या घरचा पत्ता. काय झालं तर तुझ्या दारात येऊन बसनार मी."

संस्थेत एक नियम आहे. कार्यकर्त्यानं स्वतःच्या नावानं हमी द्यायची नाही, साक्षीदार व्हायचं नाही. आम्हाला तो पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि तो बरोबरही आहे. एकदा सुरू केलं की संपत नाही. मला सनीचं जेवताना बोललेलं आठवलं. आबा ओट्यावर बसलेले दिसले, आणि त्यांच्यासमोर येऊन बसलेल्या रुक्मिणीबाईही. रविवारी बाळाचं नाव मी श्वासही न घेता देऊन टाकलं होतं. आता माझं स्वतःचं सांगायला मला वेळ लागत होता.

विजयश्रीनं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम?" एजंट म्हणाला.

"रश्मी सनी वाघमारे," मी म्हणाले, आणि पिंपरीचा पत्ता सांगितला, घर नंबरसकट. अंगठा दिला. मशीननं पहिल्यांदा घेतला नाही. बोट पुसून पुन्हा दिला. मग विजयश्रीचा. आठ वर्षं मोठ्या चुलीसमोर भाकऱ्या थापून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या, चार बोटं झाली तरी हिरवा दिवा लागेना. पाचव्याला लागला.

निघताना मी ती दहाची नोट रुक्मिणीबाईंपुढे धरली. त्यांनी घेतली नाही. "लेकराला दिलेली हाय ती. नाव कायबी असू दे त्याचं." मग आत जाता जाता, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "एकदा घेऊन ये त्याला. खऱ्या नावानं."

घरी जाऊन मी आबांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. गणराजपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. रागावले नाहीत. त्या दिवशी जेवले मात्र थोडंच. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "करारावर आडनाव नीट लिहिलंय ना? वा आणि मा, दोन्हीला काना देऊन?" मी हो म्हणाले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं.

शुक्रवारी समितीच्या दोन बाया आल्या. खोली बघितली, नळ बघितला, शाळा किती लांब ते विचारलं. रुक्मिणीबाईंना विचारलं, "यांच्याबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?" त्या म्हणाल्या, "समदं." एवढंच लिहून घेतलं.

अठरा तारखेला, वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, श्रद्धा आली. मी बालगृहापासून बरोबर होते. उंच, काटकुळी मुलगी, दोन घट्ट वेण्या, पाठीवर शाळेचं दप्तर आणि हातात कपड्यांची एक पिशवी. बसमध्ये ती आईच्या शेजारी बसली, पण मधे पिशवी ठेवून. विजयश्रीनं ती पिशवी सरकवली नाही.

चाळीत पोचलो तेव्हा मिनल नळावर होती. तिनं मुलीकडे बघितलं, बादली उचलली आणि आत गेली.

खोलीत एक चटई अंथरली होती. ओट्यावर स्टोव्ह, दोन ताटं, दोन वाट्या. श्रद्धा उंबऱ्याच्या आत आली आणि भिंतीपाशी उभी राहिली. चारी कोपरे बघितले.

"इथं किती जणी आहेत?" तिनं विचारलं.

"आपन दोघीच," विजयश्री म्हणाली.

"आणि ताई? रात्री हजेरी घेणाऱ्या?"

"कुनी न्हाई."

श्रद्धानं मान डोलावली, हिशेब कळल्यासारखी. "मग माझी जागा कुठली?"

विजयश्री तिच्याकडे बघत राहिली. महिनाभर तिनं करार, अंगठा, शाळेचा दाखला, समितीचा शिक्का यांचा विचार केला होता. पण या प्रश्नाचं उत्तर तिनं ठरवलं नव्हतं. तिच्याही आयुष्यात आठ वर्षं कुणीतरी दुसऱ्यानंच जागा दाखवली होती.

"तूच सांग," ती म्हणाली.

श्रद्धानं पिशवी खिडकीखाली ठेवली. मग उचलली आणि दाराजवळच्या भिंतीला टेकवली. तिथं उभी राहून बघितलं, पुन्हा उचलली. विजयश्री ओट्याला पाठ लावून उभी होती. पुढे झाली नाही, काही सुचवलं नाही.

माझं बाळ घरी दुधासाठी रडायला लागलं असणार होतं. सव्वापाचची बस होती. मी चपला घातल्या तेव्हा श्रद्धा पिशवी घेऊन तिसऱ्या कोपऱ्यात उभी होती.